हवेचा वेग सांगणारी नळी

त्या फाल्गुनात तीन आठवडे मी एकाही जेवणाला शेवटपर्यंत बसले नाही. भात कालवायचा, दोन घास खायचे, आणि मनात एखादा आकडा आला की उठून मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जायचं. परत येईपर्यंत वरण थिजलेलं असायचं.  आपलं जेवण संपवून बाबा माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसत.

छोट्या मानवरहित विमानांचं उड्डाण-नियंत्रण हे माझं काम. लोक सरसकट ड्रोन म्हणतात. आमचं पंखांचं आहे, खऱ्या विमानासारखं. फोमचं अंग, आत कार्बनच्या नळ्या, पसरलेल्या दोन हातांपेक्षा थोडे मोठे पंख आणि पोटात कॅमेरा. तासभर वर फिरून खालचं पाहत राहायचं, एवढंच त्यानं करायचं असतं. पण त्यासाठी ते हवेत सरळ राहिलं पाहिजे, वळताना नको तेवढं कलता कामा नये, वाऱ्यानं ढकललं तर आपसूक सावरलं पाहिजे. हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिते. बंगळूरच्या एका कंपनीत बारा वर्षं हेच केलं. आई गेल्यावर वरठीला परत आले, बाबांजवळ. नागपूरच्या कॉलेजातला माझा एक वर्गमित्र अड्याळला असतो. त्याची तलावाला लागून धानाची शेती आहे, आणि रिमोटवर विमान उडवण्यात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. धान निघाल्यावर त्याच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या असतात. तिथं आम्ही दोघांनी आमचं स्वतःचं विमान बनवायला घेतलं. तो बांधायचा आणि उडवायचा, मी विमानाला डोकं द्यायची.

वन्यप्राण्यांवर काम करणारी नागपूरची एक संस्था आमचं पहिलं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात नाकाडोंगरीकडच्या जंगलात पाणवठ्यांवर कोणती जनावरं येतात, ते त्यांना वरून पाहायचं होतं. सगळ्या परवानग्या त्यांनी काढल्या होत्या, तारीख ठरली होती. आणि तारीख महिन्यावर आली असताना विमान हवेत मान डोलवायला लागलं.

वारा नसला की ठीक जायचं. वारा आला की नाक वर, मग खाली, मग आणखी वर, आणखी खाली. घाट चढणाऱ्या बैलासारखं. आमच्या भाषेत सांगायचं तर नियंत्रण चुकीच्या वेळी चुकीचा जोर लावत होतं. मी नुकतेच प्रोग्रॅममध्ये बरेच बदल केले होते, त्यामुळे दोष माझ्या आकड्यांतच आहे अशी माझी खात्री होती. एक आकडा कमी करायचा, अड्याळला जायचं, उडवायचं, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहून मान वर करून पाहायचं. डोललं की परत. वरठी ते अड्याळ आणि अड्याळ ते वरठी मी मोटरसायकलवर इतक्यांदा केलं, की पहेल्याच्या वळणावरचा चहावाला मला न विचारता बिनसाखरेचा करायला लागला.

मित्र एकदा म्हणाला, ‘‘तू उडवतानाही एका जागी उभी राहत नाहीस. माझं लक्ष तुझ्याकडेच जाते.’’

मी म्हटलं, ‘‘मग नको पाहू.’’

तेव्हा मी सगळ्यांशीच अशी बोलत होते.

बाबा स्टीलच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. भट्टीचा दाब, हवेचा प्रवाह, पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं नीट ठेवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कुकरची शिट्टी लांबली तर ते उठून वजन काढून तारेनं भोक साफ करतात. एका दुपारी मी विमानाच्या उड्डाणाचा आलेख पडद्यावर मोठा करून पाहत होते. ते पाणी प्यायला आत आले आणि माझ्या खुर्चीमागं थांबले.

‘‘हे काय होय?’’

‘‘वेग. आणि हे नाक किती वर आहे ते.’’

ते जरा वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे त हंट करून राहिलं. वर-खाली, वर-खाली. आमचे वॉल्व असेच करत.’’

‘‘हो बाबा. आकडे जास्त झालेत. कमी करून पाहते आहे.’’

‘‘आकड्यानं नाही होणार. हे पाहा ना, नाक आधी हालते, वेग मागून सांगते. उशिरा सांगून राहिला. वेग कायनं मोजते तुझं इमान?’’

मी सांगितलं. नाकाजवळ एक बारीक नळी असते, उघडं तोंड समोर. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते, आतला दाब मोजून वेग कळतो.

‘‘मंग नळी तुंबली असन,’’ बाबा म्हणाले. ‘‘पूर्ण नाही. थोडी. थोडी तुंबली की आकडा बरोबर येते, पण उशिरा येते. पूर्ण तुंबली त कळते तरी.’’

मी खुर्ची फिरवली. ‘‘रोज उडवायच्या आधी आम्ही त्या नळीवर फुंकर मारतो. आकडा हलतो पडद्यावर. बाबा, ही भट्टी नाही. यात हजारो ओळींचा प्रोग्रॅम आहे.’’

 बाबा ‘‘बरं,’’ म्हणाले आणि गेले. पाण्याचा गिलास तसाच भरलेला टेबलावर राहिला होता.

मी ती नळी उघडून पाहिली नाही. पाच मिनिटांचं काम होतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, नळी तुंबलेली निघाली असती तर मला ते सहन झालं नसतं. तीन आठवडे मी जिथं शोधत होते तिथं ते नव्हतंच, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

तारीख चार दिवसांवर आली तेव्हा मी शेवटी सगळे आकडे इतके मंद केले, की विमानाचं डोलणं दिसेनासं झालं. ते दुरुस्त झालं नव्हतं. वाऱ्याला उत्तर देणंच त्यानं जवळपास सोडलं होतं. अड्याळला शांत हवेत दोनदा उडवलं, छान गेलं. मित्रानं रिमोट खाली ठेवत विचारलं, ‘‘सापडलं का मग नेमकं काय होतं ते?’’

‘‘सापडलं,’’ मी म्हटलं.

‘‘नक्की ना?’’

‘‘नक्की.’’

त्यानं मान हलवली आणि विमानाचे पंख काढायला लागला. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्याच्याशी खोटं बोलल्याचं मला तरी ते पहिलंच आठवतं.

नाकाडोंगरीला आम्ही सकाळी पोचलो. तुमसर सोडलं की रस्ता बदलतो. मँगनीजच्या खाणींच्या बाजूनं काळी माती ओतलेले ढीग, मग पळस, मग साग. त्या दिवशी उजाडल्यापासूनच वारा होता. संस्थेच्या प्रमुख बाई गाडीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘वाऱ्यात चालेल का?’’ मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘चालेल.’’

आम्ही एका पडीक शेतातून विमान सोडलं. ते वर गेलं, जंगलाच्या दिशेनं वळलं, लहान होत होत झाडांच्या पलीकडे दिसेनासं झालं. आता ते आम्हाला फक्त पडद्यावर दिसणार होतं. नकाशावर एक बाण, बाजूला वेग, उंची, नाकाचा कल. मी पडद्यासमोर उकिडवी बसले होते. पहिला पाणवठा झाला. दुसरा झाला. तिसऱ्यासाठी ते परत गावाच्या बाजूला वळलं, आणि नाक हळूहळू वर जायला लागलं.

‘‘नाक वर चाललं,’’ मित्र म्हणाला.

वेग बरोबर दिसत होता. जरा जास्तच, पण बरोबर. नाक मात्र वर वर जात होतं.

‘‘वेग चांगला आहे,’’ मी म्हटलं.

‘‘अगं, पण नकाशावर ते पुढं सरकत नाही आहे.’’

बाण जागच्या जागी होता. वेगाचा आकडा पुतळ्यासारखा थांबलेला. आणि माझा प्रोग्रॅम त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. वेग जास्त आहे, नाक वर घ्या. अजून जास्त आहे, अजून वर घ्या. मित्रानं रिमोट हातात घेतला तेवढ्यात उंची कोसळायला लागली. पडद्यावर झाडांचे शेंडे गरगर फिरताना दिसले आणि चित्र बंद झालं.

 मी शेवटची जागा फोनवर घेतली आणि चालायला लागले. मित्र मागून आला. वाळलेल्या पानांत पाय घोट्यापर्यंत जात होते. मोहाचा वास दाट होत गेला तसं मला कळलं, की आपण मोहाच्या झाडांकडे चाललो आहोत, आणि ही मोह वेचायची वेळ आहे. चैत्र तोंडावर आलेला. पहाटे गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायला बाया येतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. उड्डाणाचा रस्ता नकाशावर आखताना ते एकदाही मनात आलं नव्हतं. मी पळायला लागले.

एका मोठ्या मोहाखाली चार-पाच बाया उभ्या होत्या. एक पन्नाशीची बाई झाडाच्या मुळावर बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून. तिच्या बाजूला टोपलं उलटं होऊन फुलं सांडलेली. विमानाचा एक पंख वर फांदीत लटकत होता. बाकीचं, म्हणजे नाक आणि पोटाचा भाग, त्या बाईच्या पायाशी होतं.

‘‘तुमचं होय का हे?’’ तिनं विचारलं.

‘‘हो. मावशी, तुम्हाला लागलं का?’’

‘‘आंगावर नाही पडलं. वरतून फांदी मोडल्याचा आवाज आला, मी पयाली अना पडली. हात दुखून राहिला.’’

मनगट सुजलं होतं. विमान पडलं ती जागा आणि तिची बसायची जागा यांत चार पावलं होती. मी मोजली नाहीत, पण ती चार पावलं मला अजून दिसतात.

मी म्हटलं, तुमसरला जाऊ, हाताचा एक्स-रे काढून घेऊ. ती उठली. मग वाकून तिनं डाव्या हातानं विमानाचं नाक उचललं आणि छातीशी धरलं.

‘‘ते द्या, आम्ही धरतो,’’ मित्र म्हणाला.

‘‘नाही. हे माह्याजवळच राहू द्या. उद्या तुमी म्हणसान का आमचं नोहोय.’’

संस्थेच्या गाडीत ती मागच्या सीटवर बसली, मी तिच्या बाजूला. विमानाचं नाक तिच्या मांडीवर. गाडी हलली की तिचा चेहरा दुखण्यानं आवळायचा. बराच वेळ ती त्या नाकाकडे पाहत होती. मग तिनं करंगळीच्या नखानं त्या बारीक नळीच्या तोंडाशी काहीतरी खरवडलं आणि बोट माझ्यासमोर धरलं.

‘‘हे काय करते?’’

‘‘ही नळी? हिच्यातून हवा जाते. वेग कळतो.’’

‘‘हवा कशी जाईन? यात त कुंभारणीनं माती भरली.’’

मी तिच्या मांडीवर वाकून नळीत पाहिलं. आत खोलवर पिवळसर मातीचा बोळा होता. कुंभारीण माशी भिंतीत, कुलपात, दाराच्या भोकात घर करते, तसंच. अड्याळला मित्राच्या शेडमध्ये विमान खिळ्याला टांगलेलं असायचं, नाक खिडकीकडे. महिनाभरापूर्वी केव्हातरी तिनं माती आणून टाकली असणार. नळी अर्धी तुंबली, आणि विमान डोलायला लागलं. नेमका त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम बदलला होता. आणि आज इंजिनाच्या थरथरीनं ती माती सरकून भोक पुरतं बंद झालं. आतली हवा आतच राहिली, आकडा तिथंच थांबला.

पुढच्या सीटवरून मित्रानं मागं वळून पाहिलं. त्याला सगळं कळलं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, ‘‘मग तुला काय सापडलं होतं?’’

 तो परत समोर पाहायला लागला.

मनगटाला बारीक चीर होती. प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मी उठत होते, फाटकापर्यंत जात होते, परत येत होते. तिनं एकदा डाव्या हातानं माझी ओढणी धरली. ‘‘बस ना बाई एका जागी. मले चक्कर येऊन राह्यली तुह्याकडे पाहून.’’

मी बसले.

‘‘ते वरतून काय पाह्यत होतं?’’

‘‘जनावरं. पाणवठ्यावर येतात ती.’’

‘‘मी दिसली असन का त्यात?’’

मी खोटं बोलू शकले असते. त्या महिन्यात सवय झालीच होती. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मी निघताना काढून घेतलं होतं, ते शाबूत होतं, लॅपटॉप पिशवीत होता. मी तो मांडीवर घेतला आणि तिला दाखवलं.

पाणवठे नंतर होते. आधी गावाच्या कडेची शेतं, मग मोहाची झाडं. कॅमेरा विमान सुटल्यापासून चालूच होता. तो बंद ठेवावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. झाडाखाली वाकलेल्या बाया वरून अगदी स्पष्ट दिसत होत्या. टोपली, पदर, पांढरे होत आलेले केस. एक बाई झुडपामागं आडोशाला बसली होती. तिला वाटलं असेल, चारी बाजूंनी झाडी आहे.

मावशीनं लॅपटॉपवर हात ठेवला, पडदा झाकल्यासारखा.

‘‘हे माही जाऊ होय,’’ ती म्हणाली. ‘‘हे कोणाले दाखवाचं होतं?’’

‘‘कुणालाच नाही. हे नुसतंच... आलं आहे त्यात.’’

‘‘नुसतं कसं येईन? डोळा उघडा ठेवला त दिसनच. पुसून टाक.’’

ते चित्रण माझं नव्हतं. करारानं संस्थेचं होतं.  मी विमान सुटल्यापासून पहिल्या पाणवठ्यापर्यंतचा सगळा भाग निवडला, तिच्यासमोर पुसला, आणि पुसला गेल्याचं तिला दाखवलं.

‘‘आता परत नाही ना येत?’’

‘‘नाही.’’

तेव्हा कुठं तिनं विमानाचं नाक माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर होते. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात तेच निघालं, हेही सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, ‘‘बाईचा कोणता हात? उजवा?’’ मी हो म्हटलं.  पाळी सुटली होती. कारखान्याकडून सायकली आणि मोटरसायकलींची रांग येत होती, त्यातल्या दोघांनी हात केला, बाबांनीही केला.

मग ते म्हणाले, ‘‘मले दुसऱ्यांदा बोलाले पाहिजे होतं.’’

‘‘मी ऐकलं असतं का?’’

‘‘नसतंच ऐकलं. तरी बोलाले पाहिजे होतं.’’ आणि मग त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. वरठीला यायच्या आधी, अगदी तरुणपणी, ते दुसऱ्या राज्यात एका छोट्या कारखान्यात होते. तिथल्या बॉयलरची अशीच एक नळी तुंबते आहे असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी उडवून लावलं, बाबा गप्प बसले. आठवड्यानं सोबतच्या माणसाचे दोन्ही हात वाफेनं भाजले. ‘‘तो मले कायीच बोलला नाही. त्याले माहीतच नव्हतं का मले माहीत होतं म्हणून.’’

एवढं सांगून ते उठले आणि भाजी चिरायला आत गेले.

मी दुसऱ्या दिवशी संस्थेच्या बाईंना पत्र लिहिलं. दोष सापडलेला नसताना मी तो झाकला, वाऱ्यात चालेल असं सांगितलं, आणि चित्रणाचा काही भाग पुसला, हे तिन्ही लिहिलं. मित्राला तेच पत्र पाठवलं. बाईंचा फोन आला. त्या चिडलेल्या होत्या, पण मुद्द्याचं बोलल्या. मावशीच्या उपचाराची जबाबदारी आम्ही घ्यायची आणि काम सुरक्षित झाल्याचं दाखवल्याशिवाय विमान जंगलात न्यायचं नाही. मित्राचं उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी तो वरठीला आला, तेव्हा चहाही न घेता म्हणाला, ‘‘विमान पडलं त्याचं काही नाही. मी तुला नक्की ना म्हणून विचारलं होतं. माझ्या हातात रिमोट होता.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मला थोडे दिवस दे,’’ तो म्हणाला आणि गेला.

ते दिवस मी आणि बाबांनी मागच्या खोलीत काढले. बाबांनी प्लास्टिकच्या पारदर्शक नळीची इंग्रजी यू अक्षरासारखी रचना करून तिच्यात कुंकवाचं लाल पाणी भरलं, एका टोकाला इंजेक्शनची सिरिंज लावली. सिरिंज दाबली की पाणी चढायचं, दाब कळायचा. मग नळीत मुद्दाम माती भरायची, कधी थोडी, कधी जास्त, आणि आकडा किती उशिरा येतो ते पाहायचं. आमची भांडणं व्हायची. ते म्हणत, नळीला टोपण लाव आणि रोज साफ कर, बस. मी म्हणे, माणूस विसरतो. प्रोग्रॅमनंच ओळखलं पाहिजे. शेवटी दोन्ही केलं. टोपणाला आईच्या जुन्या साडीची लाल पट्टी शिवली, म्हणजे काढायचं राहिलं तर लांबून दिसेल. आणि प्रोग्रॅममध्ये मी असं लिहिलं, की नळी सांगते तो वेग, उपग्रहावरून कळणारा वेग आणि इंजिनाचा जोर यांचा मेळ बसला नाही, तर नळीचं ऐकायचं नाही. नाक ठरलेल्या कलावर धरायचं आणि घरी यायचं. हे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. इतरांनी ते लिहिलेलं मी वाचलंही होतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. पाहणीच्या जागेची हद्द नकाशावर आखायची, आणि विमान त्या हद्दीच्या आत शिरेपर्यंत कॅमेऱ्यानं तोंड पोटात वळवून ठेवायचं. अशी सोय करायला मला दोन दुपार लागल्या. फक्त दोन.

मावशीचं प्लास्टर काढायला तुमसरला मीच घेऊन गेले. हात बरा झाला होता, पण पिळून धुणं अजून जमत नव्हतं. परत सोडताना मी तिला सांगितलं, आम्ही पुन्हा उडवणार आहोत, आता कॅमेरा गावावर उघडा राहणार नाही. ती म्हणाली, ‘‘मले कसं समजन तो मिटला का उघडा? खालतून सारखाच दिसते.’’

 मी म्हटलं, ‘‘उडवायच्या आधी येऊन सांगेन. दिवस आणि वेळ.’’

‘‘अना मोहाच्या दिवसात सकाळी नाही.’’

संस्थेच्या बाईंना हे पटवायला वेळ लागला. जनावरं पाण्यावर सकाळीच येतात, हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी मोह संपल्यावर उडवायचं ठरलं. त्यांची अर्ध्या हंगामाची पाहणी त्यात गेली, आणि पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या कुणाकडे जाऊ शकतात हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मित्र परत आला, विमानाचे पंख आणि अंग त्यानं नव्यानं बांधलं. नाकाडोंगरीला जायच्या आदल्या दिवशी अड्याळला त्यानं स्वतः नळीत माती भरली, मला न सांगता, आणि विमान उडवलं. दोनदा नाक डोललं, मग पडद्यावर इशारा आला, नाक स्थिर झालं आणि विमान सरळ परत आलं. बांधीत उतरल्यावर त्यानं नळीतून माती काढून तळहातावर दाखवली. ‘‘आता नक्की,’’ तो म्हणाला. तो पूर्वीसारखा बोलायला लागला आहे. तरी प्रत्येक उड्डाणाआधी आता तो नळी स्वतः तपासतो. मी तपासली असं सांगितलं तरी तपासतो.

नाकाडोंगरीचं उड्डाण वैशाखातल्या वाऱ्यात झालं आणि नीट झालं. एका पाणवठ्यावर अस्वलाची मादी आणि तिची दोन पिल्लं दिसली. संस्थेच्या बाई खूश झाल्या. मी मात्र विमान उतरेपर्यंत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते.

जूनमध्ये रोवणीसाठी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकणं चालू असताना एका सकाळी मावशीचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता. ती जरा ओरडूनच बोलत होती.

‘‘बाई, वरतून एक जाऊन राह्यलं. पऱ्ह्याच्या वावरावर दोनदा फिरलं. तुमचंच होय का?’’

आमचं विमान माझ्यासमोर टेबलावर होतं, पंख काढलेलं.

‘‘नाही मावशी. आमचं नाही.’’

‘‘मंग कोणाचं?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘डोळा उघडा हाये का मिटला, पाहून सांगता येईन का तुले?’’

मी म्हटलं, सांगता येणार नाही, पण येते. बाबांनी कोणाचा फोन म्हणून विचारलं, ते मी सांगितलं, आणि मोटरसायकल काढली. मोहाडीच्या पुढं गेल्यावर लक्षात आलं, की मी पोचेपर्यंत ते निघून गेलेलं असणार आणि पोचून मी काय पाहणार हे मलाही ठाऊक नाही. तरी मी गाडी वळवली नाही.